नाव का उलटते? वैनगंगेच्या डोंग्यापासून गेटवेच्या बोटीपर्यंत, कायदा काय सांगतो आणि जीव कसा वाचवायचा

जानेवारी २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन नावा उलटल्या. १८ जानेवारीला गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. पाच दिवसांनी, २३ जानेवारीला, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात गणपूर (रै) गावाजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. त्यातल्या बाया नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. सहा जणी बुडाल्या.

हरणीची बातमी देशभर गाजली. गणपूरची बातमी विदर्भाबाहेर फारशी पोहोचली नाही. एका ठिकाणी लोक तिकीट काढून मजेसाठी बोटीत बसले होते, दुसऱ्या ठिकाणी दिवसाच्या मजुरीसाठी. पाण्याला मात्र हा फरक कळत नाही. नाव उलटण्याची कारणं दोन्हीकडे सारखीच असतात, आणि ती बहुतेक वेळा नाव काठावरून सुटण्याआधीच दिसत असतात. मग नियम असूनही अपघात का होतात? नियम नेमके कोणते? आणि पाण्यात पडल्यावर काय करायचं?

सावली आणि वैनगंगा : नदी हीच जिल्ह्याची सीमा

सावली हा चंद्रपूर जिल्ह्यातला जंगलाचा आणि धानाचा तालुका. त्याच्या पूर्वेला वैनगंगा वाहते आणि नदीच्या पैलतीरावर गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या दिवशी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत नदीच सीमारेषा बनली. कागदावर जिल्हे दोन झाले, पण शेती, सोयरीक, बाजार आणि मजुरी दोन्ही काठांवर पसरलेलीच राहिली.

नदी ओलांडायला पूल आहेत. सावली तालुक्यातल्या व्याहाडजवळ गडचिरोलीकडे जाणारा पूल आहे, त्याच्या खाली मूल-चामोर्शी मार्गावर हरणघाटचा आणि आणखी खाली आष्टीचा. पण दोन पुलांच्या मधल्या गावांना पैलतीर डोळ्यांसमोर दिसत असतं आणि रस्त्याने तिथे जायचं तर मोठा वळसा पडतो. भाड्याची गाडी करून गेलं तर मजुरीतला मोठा वाटा तिथेच संपतो. म्हणून डोंगा. अखंड खोड कोरून किंवा फळ्या जोडून केलेली अरुंद नाव, एक नावाडी आणि एक वल्हं किंवा लांब बांबू.

याच भागात हौसेने पाण्याकडे जाणारेही बरेच आहेत. सावली तालुक्यात आसोलामेंढा तलाव आहे, शेजारच्या नागभीड तालुक्यात घोडाझरी. सुटीच्या दिवशी तिथे तरुणांची गर्दी असते. १५ मार्च २०२५ ला घोडाझरीत पाच तरुण बुडाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० मे २०२५ ला, व्याहाड खुर्दजवळ वैनगंगेत आंघोळीला उतरलेले गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी बुडाले. या दोन्ही घटनांत नाव उलटली नव्हती. पण शांत दिसणारं पाणी उथळ असेलच असं नाही, एवढं त्यांतून कळतं.

या पाण्याचा अंदाज चुकतो कशामुळे?

पहिलं कारण धरणं. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसेखुर्द धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत. वरच्या भागात, म्हणजे मध्य प्रदेशात किंवा भंडारा-गोंदियात, जोराचा पाऊस झाला की दरवाजे उघडले जातात. सावली किंवा गडचिरोलीत आभाळ निरभ्र असतानाही काही तासांत नदी चढते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी, सावली, गडचिरोली या पट्ट्यात मोठा पूर आला होता. तेव्हा गावात पाऊस नाही म्हणून नदीही शांतच असेल, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरं कारण बंधारे. चामोर्शी तालुक्यात नदीवर चिचडोह बॅरेज आहे. पावसाळा संपला की अशा बॅरेजचे दरवाजे पाणी अडवण्यासाठी लावले जातात. पूर्वी हिवाळ्यात जिथून चालत जाता यायचं तिथे मग पुरुषभर पाणी उभं राहतं. गावातल्या जुन्या माणसांना नदीचा जो तळ पाठ असतो, तो आता तसा राहिलेला नाही.

तिसरं कारण वाळूचा उपसा. पात्रातून वाळू काढली की खोल खड्डे पडतात. वरून पाणी सपाट दिसतं. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला डोक्याइतक्या खोलात जातो.

नाव उलटते म्हणजे नेमकं काय होतं?

नाव पाण्यावर सरळ राहते कारण ती एका बाजूला कलली की पाणी त्या बाजूने तिला वर ढकलतं. नावेतलं वजन जितकं खाली आणि मधोमध, तितका हा आधार पक्का. वजन वर गेलं किंवा एका बाजूला सरकलं की तो आधार तुटतो. प्रत्यक्षात हे चार प्रकारे घडतं.

१. जास्त माणसं. प्रत्येक माणसागणिक नाव थोडी खाली बसते. नावेचा काठ आणि पाणी यांच्यात जे अंतर उरतं तेवढीच तिची सुरक्षितता. ते चार बोटांवर आलं तर साधी लाटही आत येते.

२. आत आलेलं पाणी. नावेच्या तळाशी साचलेलं पाणी स्थिर राहत नाही. नाव डावीकडे कलली की तेही डावीकडेच धावतं आणि कल वाढवतं. म्हणून थोडं पाणी आत आलं तरी काही होत नाही, हा समज धोक्याचा आहे.

३. उभं राहणं आणि एका बाजूला धावणं. डोंगा अरुंद आणि तळाला गोलसर असतो. त्यात एकजण उभा राहिला तरी तो डोलतो. मोठ्या बोटीतही फोटोसाठी सगळे एकाच कठड्याला गेले तर तेच होतं.

४. वारा. धरणाचं पाणी पसरट असतं. त्यावर मोकळा वारा सुटला की काही मिनिटांत लाटा तयार होतात. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी येणारं वादळ सर्वांत घातक, कारण ते दुपारनंतर अचानक येतं.

बहुतेक वेळा या चारपैकी एकाने नाव उलटत नाही. जास्त माणसांमुळे काठ खाली गेलेला असतो, मग वाऱ्याने लाट आत येते, मग घाबरून माणसं उठतात. तिसरी गोष्ट घडेपर्यंत काही सेकंदच गेलेले असतात.

महाराष्ट्रातले काही अपघात

९ जुलै २०१७, नागपूरजवळचा वेणा तलाव. सहलीला गेलेले तरुण नावेतून मोबाइलवर थेट व्हिडिओ दाखवत होते. नाव उलटली आणि आठ जणांचा मृत्यू झाला.

१३ जानेवारी २०१८, पालघर जिल्ह्यातलं डहाणू. सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन बोट समुद्रात गेली आणि किनाऱ्याजवळच उलटली. तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. जास्त गर्दी आणि सेल्फीसाठी एका बाजूला झालेली धावपळ, अशी कारणं तेव्हा पुढे आली.

१४ सप्टेंबर २०२१, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातलं झुंज. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक वर्धा नदीत नावेने निघाले होते. ११ जण बुडाले.

२४ मे २०२२, सिंधुदुर्गातलं तारकर्ली. स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला.

२१ मे २०२४, उजनी धरण. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. पैलतीरी जाण्यासाठीची ही रोजची वाहतूक होती. गणपूरसारखीच.

१८ डिसेंबर २०२४, मुंबई. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची इंजिन चाचणी सुरू असलेली स्पीडबोट धडकली. १५ जणांचा मृत्यू झाला. इथे धडक बाहेरून बसली होती. पण बोटीला परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता, त्याहून जास्त माणसं चढलेली होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत जॅकेट सक्तीचं करण्यात आलं.

एक उलट उदाहरणही आहे. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ ‘अजंठा’ ही प्रवासी बोट बुडू लागली. रायगड पोलिसांची गस्ती नौका वेळेत पोहोचली आणि बोटीवरचे ८८ जण वाचले. मदत जवळ असेल तर किती फरक पडतो, ते या घटनेत दिसलं.

कायदा काय सांगतो?

समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रवासी आणि पर्यटन बोटींचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. बोटीची नोंदणी, तपासणी, किती माणसं बसवायची याची मर्यादा आणि जीवरक्षक साधनं या सगळ्या गोष्टी त्यात येतात. पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, किनाऱ्यावरच्या जलक्रीडा आणि अनेक प्रवासी फेऱ्या बंद ठेवल्या जातात.

नद्या, तलाव आणि धरणांसाठी देशपातळीवर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे. त्याने १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा बदलला. यंत्रावर चालणाऱ्या बोटींना त्यात नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, प्रशिक्षित चालक आणि विमा आवश्यक आहे. वल्ह्याच्या म्हणजे बिनइंजिनच्या नावांसाठी त्यात वेगळं प्रकरण असून त्यांच्या नोंदणीचं काम राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकतं. म्हणजे डोंगा कायद्याच्या पूर्ण बाहेर नाही. पण तो कायद्यात कितपत येणार हे राज्य, जिल्हा आणि ग्रामपंचायत काय करतात यावर ठरतं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. धोकादायक घाटावरची वाहतूक थांबवण्याचे आदेश ते काढू शकतात.

आणि एक कलम प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८४. पैसे घेऊन कुणालाही धोकादायक अवस्थेतल्या किंवा जीव धोक्यात येईल इतक्या लादलेल्या नावेतून नेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या गुन्ह्यासाठी कुणी बुडावं लागत नाही. नाव सुरक्षित पोहोचली तरीही तो गुन्हाच. याच संहितेचं कलम २८२ बेदरकारपणे नाव चालवण्याबद्दल आहे.

मग अंमलबजावणी अडते कुठे?

बहुतेक अपघातांत गुन्हा मृत्यूनंतर नोंदवला जातो. निष्काळजीपणाने मृत्यू, सदोष मनुष्यवध अशी मोठी कलमं तेव्हा लागतात. अपघाताआधी वापरायचं कलम मात्र पुस्तकातच राहतं. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

एक म्हणजे जबाबदारी वाटलेली असते. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेचा, तलाव जंगलात असेल तर वनविभाग, काठावर ग्रामपंचायत आणि गुन्हा घडला तर पोलीस. नदी दोन जिल्ह्यांची सीमा असेल तर अलीकडचा तहसीलदार वेगळा, पलीकडचा वेगळा. नाव एका जिल्ह्यातून सुटते आणि दुसऱ्यात पोहोचते.

दुसरं म्हणजे तपासणी गर्दी असते तिथे होते. गेटवे, मांडवा, मालवण इथे जेट्टी आहे, तिकीट आहे, कॅमेरे आहेत. नदीच्या घाटावर यातलं काही नसतं. नावाडी गावातलाच असतो, कित्येकदा ढिवर समाजातला, ज्याचं पोट नदीवरच चालतं. चार माणसं जास्त बसवली म्हणून त्याच्यावर तक्रार कोण करणार?

तिसरं कारण सर्वांत अवघड. बंदी घातली तर लोक नदी ओलांडायचं थांबवत नाहीत, कारण पलीकडे काम असतं. घाट बंद केला तर नाव दुसऱ्या घाटावरून, कुणाचं लक्ष नसताना सुटते. पर्यटकाला बोटीत बसू नका म्हणणं सोपं आहे. मिरची तोडायला जाणाऱ्या बाईला तेच सांगायचं तर तिला पलीकडे पोहोचवायची दुसरी सोय द्यावी लागते.

नावेत चढण्याआधी काय पाहायचं?

• नाव पूर्ण भरल्यावर काठ पाण्यापासून किती वर आहे ते पाहा. वीतभरही अंतर नसेल तर उतरा. पुढच्या फेरीला जा.

• तळाशी पाणी आहे का? नावाडी सतत पाणी उपसत असेल तर ती नाव घेऊ नका.

• परवाना असलेल्या बोटीवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. ती वाचा आणि डोकी मोजा. लहान मुलंही मोजायची.

• जॅकेट आहे एवढं पुरत नाही, ते अंगावर हवं. कुठे ठेवलंय असं विचारण्याची वेळ आली की उशीर झालेला असतो. सगळे बंद लावा, मग कुणाला तरी जॅकेटचे खांदे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, ते त्यातून खाली सरकतं.

• शांत पाण्यासाठी जॅकेटची उचल किमान १०० न्यूटन आणि समुद्रासाठी १५० न्यूटन असावी. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार म्हणून असतं. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही.

• आभाळ भरलं असेल, वारा वाढत असेल किंवा नदीचा रंग अचानक गढूळ झाला असेल तर थांबा. गढूळ पाणी म्हणजे वरून लोंढा येत असण्याची खूण असू शकते.

• नावेत बसूनच राहा. फोटो काढायचा तर बसल्या जागेवरून.

नाव उलटलीच तर?

नाव सोडू नका. लाकडी नाव उलटली तरी सहसा तरंगते. तिला धरून राहा आणि शक्य असेल तर छाती तिच्यावर टाका. काठ जवळ वाटला म्हणून पोहत सुटणारे दमून बुडतात. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासतं.

प्रवाहाने ओढलं तर पाठीवर तरंगा, पाय पुढच्या दिशेला ठेवा म्हणजे खडक आधी पायाला लागेल. प्रवाहाच्या विरुद्ध पोहू नका. त्याच्यासोबत जात तिरकं काठाकडे सरका.

काठावर असाल तर?

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणं हा शेवटचा उपाय. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही बुडतात. आधी बांबू, दोर, ओढणी किंवा गाठ मारलेला शेला फेका. रिकामा, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा कॅनही माणसाला तरंगवतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं लटकवणं, गरगर फिरवणं हे सगळं टाळा. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने दाबा. ३० दाबांनंतर दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. समुद्रावर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४.

वैनगंगेच्या घाटांवर काय करता येईल?

खरा उपाय पूल, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण पूल व्हायला वर्षं लागतात आणि मिरचीचा हंगाम दरवर्षी येतो. तोपर्यंतच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. ग्रामपंचायतीकडे गावातल्या नावांची यादी असावी. प्रत्येक नावेवर रंगाने माणसांची संख्या आणि पाण्याची रेघ असावी, म्हणजे रेघ बुडाली की नाव निघणार नाही. घाटावर जॅकेटं ठेवलेली असावीत, अलीकडे आणि पलीकडेही. हंगामात मजूर बोलावणाऱ्या शेतकऱ्याने किंवा ठेकेदाराने नावेऐवजी गाडीचा खर्च उचलावा. गोसेखुर्दचे दरवाजे उघडण्याची सूचना नावाड्याच्या मोबाइलवर थेट यावी. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी घाट वाटून न घेता एकत्र पाहावेत.

यातली बरीचशी कामं करायला नवा कायदा लागत नाही. गावात घाट असेल तर पुढच्या ग्रामसभेत नावांची यादी, जॅकेटं आणि रेघ हे तीन विषय मांडता येतात. ग्रामसभेला विषयपत्रिका असते आणि गावातला कुठलाही मतदार त्यात विषय सुचवू शकतो.